‘हिज गर्ल फ्रायडे’ची मराठी सबटायटल्स: जेवणाचा प्रसंग एकदाचा बसला

संपादक वॉल्टर, त्याची घटस्फोटित बायको व वार्ताहर हिल्डी आणि तिचा होणारा नवरा ब्रूस जेवायला बसतात तो प्रसंग सुटला! आता मराठी ओळी वाचत पाहिलं तरी हसू येतं ते वॉल्टर बोलल्यावर, त्याच्या आधी नाही. मागच्या नोंदीपासून सगळं काम इथेच अडून होतं, त्यामुळे आजची बरीचशी नोंद या एका टेबलाबद्दल आहे.

१९४० च्या या चित्रपटात हॉवर्ड हॉक्सने संवाद एकमेकांवर चढवले आहेत, आणि ते पूर्ण विचार करून. वाक्याच्या आरंभी आणि शेवटी दोन-चार बिनमहत्त्वाचे शब्द घालायचे, म्हणजे समोरच्याने त्यावर बोलायला सुरुवात केली तरी मधला अर्थ ऐकू येतो. कानाला हे जमतं, डोळ्याला जमत नाही. वेगवान संवादांसाठी नेहमीची पद्धत अशी की दोन पात्रांची वाक्यं दोन डॅश देऊन एकाच क्यूमध्ये, म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या सबटायटलच्या तुकड्यात, टाकायची. इथे ती घातक ठरते. लग्नानंतर पहिलं वर्ष आपल्या गावी, ऑल्बनीला, आईबरोबर राहणार, असं ब्रूस भाबडेपणाने सांगतो. वॉल्टर त्याचं कौतुक टप्प्याटप्प्याने चढवत नेतो: घर, तेही आईसोबत, आणि वर ऑल्बनीत! दोन्ही ओळी एकदम पडद्यावर आल्या की प्रेक्षक ऑल्बनीपर्यंत पोचलेला असतो आणि वॉल्टर झालेला कॅरी ग्रँट अजून नुसता चेहरा गोळा करत असतो. या जोडीची सगळी गंमत त्या चेहऱ्यात आणि हिल्डी झालेली रोझलिंड रसेल त्याच्याकडे टाकते त्या नजरेत आहे. सबटायटलने तीच खाल्ली तर बाकी भाषांतर कितीही चांगलं असून उपयोग नाही.

क्यू वेगळे केले तर एकेक जेमतेम ७०० ते ८०० मिलिसेकंद टिकतो, वाचून होत नाही. ब्रूसचं वाक्य गाळलं तर वॉल्टरचा टोला कशावर आहे तेच कळत नाही.

उत्तर निघालं ते वाढत जाणाऱ्या क्यूमध्ये. पहिली ओळ आधी येते, दुसरी तिच्या बोलण्याच्या क्षणी खाली उमटते, पहिली जागेवरच राहते. एएसएस, म्हणजे सजावटीच्या सूचना (टॅग) घेणाऱ्या सबटायटल फाइलमध्ये हे एकाच ओळीत होतं. दोन्ही वाक्यं लिहायची, दुसऱ्याच्या आधी पारदर्शकतेचा अल्फा टॅग एफएफवर ठेवायचा, म्हणजे ते पूर्ण पारदर्शक होतं. मग वेळेनुसार बदल घडवणाऱ्या टी टॅगने ठरलेल्या वेळी अल्फा शून्यावर आणायचा. वेळ क्यूच्या सुरुवातीपासून मिलिसेकंदांत मोजली जाते. १४०० ते १४०१ असा एक मिलिसेकंदाचा पट्टा दिला की ओळ हळूहळू उजळत नाही, थेट उमटते. टॅग पूर्ण अल्फाचाच हवा. ‘१ए’ वापरला तर अक्षरांचा फक्त आतला रंग जातो, काळी किनार उरते आणि उत्तर पुसटसं आधीच दिसतं.

टीव्हीतले अनेक अंगभूत प्लेयर मात्र एएसएसचे टॅग टाकून देतात आणि दोन्ही ओळी एकदम दाखवतात. म्हणून एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराची सबटायटल फाइल, वेगळी बांधावी लागली. तिथे एका क्यूचे दोन करायचे: पहिल्यात फक्त पहिली ओळ, दुसऱ्यात दोन्ही. पण सबटायटल खालून वर रचलं जातं, त्यामुळे दुसरा क्यू आला की पहिली ओळ उडी मारून वर जाते आणि डोळा ती पुन्हा वाचायला लागतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या क्यूमध्ये खालची ओळ नॉन-ब्रेकिंग स्पेसने, म्हणजे न दिसणाऱ्या पण अक्षर म्हणून धरल्या जाणाऱ्या जागेने, भरून ठेवणे. साधी मोकळी ओळ चालत नाही, कारण एसआरटीत मोकळी ओळ म्हणजे क्यूचा शेवट. पहिल्या ओळीचा डॅशही पहिल्या क्यूपासूनच हवा, नाहीतर दुसरा क्यू येताना ओळ आडवी सरकते. दोन क्यूंमध्ये एरवी आपण दोन फ्रेमचं, म्हणजे सुमारे ८३ मिलिसेकंदांचं अंतर सोडतो. इथे ते शून्य ठेवायचं, नाहीतर पहिली ओळ लुकलुकते.

आणि एडिटरमधला ऑटो-फिक्स, चुका आपोआप दुरुस्त करणारा! तो या जोड्या बांधण्याआधी चालवायचा, नंतर कधीही नाही. ‘किमान अंतर’ची दुरुस्ती ती दोन फ्रेम परत घालते आणि ‘रिकाम्या ओळी काढा’ची दुरुस्ती आपला नॉन-ब्रेकिंग स्पेस उडवू शकते. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर घाऊक कामाला फार चांगलं आहे, पण अशा हातकामासाठी ‘एजीसब’ हे दुसरं सॉफ्टवेअरच बरं. तिथे ध्वनीची आकृती पाहून दुसऱ्या ओळीची वेळ नेमकी पकडता येते.

वेळेइतकाच छाटणीचाही फायदा झाला. हॉक्सने वाक्याच्या दोन्ही टोकांना भराव घातला आहे, तर सबटायटलमध्ये तो भराव आधी काढायचा. ‘हे बघ’, ‘म्हणजे मी काय म्हणते’, ‘ऐकून तर घे’ हे गेलं की मराठी वाक्य तिसऱ्या हिश्शाने आखूड होतं आणि अर्थाला धक्का लागत नाही. मात्र क्यूची सुरुवात बोलणाऱ्याचं तोंड उघडतं तिथेच ठेवायची, छाटलेल्या मजकुराच्या आवाजाशी नाही. वाचायला मिळणारा जादा वेळ त्या भरावातूनच येतो. वॉल्टरच्या ऑफिसात हिल्डी पर्स फेकून मारते आणि तो खाली वाकून तिच्या बिघडलेल्या नेमाबद्दल बोलतो, ते आता इतकं सुरेख बसलंय की पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. उलट तुरुंगात हिल्डी फाशीच्या कैद्याची, अर्ल विल्यम्सची मुलाखत घेते तो प्रसंग शांत आहे. तिथे काहीही छाटलेलं नाही, पूर्ण वाक्यं ठेवली आहेत. तो संथपणा चित्रपटाला हवाच आहे.

वाचनवेग जास्त झाला की एडिटर दाखवतो त्या लाल खुणांना फार घाबरू नका. बरेच एडिटर युनिकोडातले घटक मोजतात, अक्षरं नाही. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर आहे, मोजणीत सहा होतात. ‘मग’ दोनच. जोडाक्षरं भरलेली ओळ उगाच लाल होते आणि साधी ओळ लांब असूनही सुटते. घड्याळ लावून मोठ्याने वाचणं हीच खरी कसोटी. फाँट ‘मुक्ता’च ठेवला आहे. वेलांट्या, मात्रा आणि रफार दोन ओळींच्या मध्ये एकमेकांना भिडत नाहीत.

सिंकबद्दल, म्हणजे आवाज आणि सबटायटलच्या मेळाबद्दल, थोडक्यात. ९२ मिनिटांच्या शेवटी साडेपाच सेकंदांचा फरक पडत असेल तर तो सेकंदाला २४ आणि २३.९७६ फ्रेमचा घोळ आहे. पावणेचार मिनिटांच्या आसपास पडत असेल तर तुमची प्रत २५ फ्रेमची, ‘पाल’ या युरोपातल्या टीव्ही पद्धतीची आहे. दोन्हींवर फ्रेमरेट बदलणं हाच उपाय. पण फरक हळूहळू न वाढता एका जागी झटक्यात पडत असेल तर तिथे फ्रेम तुटलेल्या आहेत, बहुधा रिळाच्या सांध्यापाशी, आणि तिथून पुढचे सगळे क्यू सरकवावे लागतात. अमेरिकेत स्वामित्वहक्काचं नूतनीकरण झालं नाही म्हणून या चित्रपटाच्या स्वस्त डिस्क उदंड आहेत आणि त्यात असे सांधे ठिकठिकाणी भेटतात. आपली फाइल क्रायटेरियन कंपनीच्या २०१७ च्या ब्लू-रेवर बांधली आहे. थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या. शिवाय त्यात याच कथेवरचा १९३१ चा ‘द फ्रंट पेज’ही आहे. त्यात हिल्डी पुरुष आहे, त्यामुळे हॉक्सने नेमकं काय बदललं ते शेजारी ठेवून पाहता येतं.

आता उरलाय शेवटचा पत्रकार-खोलीतला गोंधळ. वॉल्टर फोनवर आपल्या ऑफिसातल्या डफीला पहिलं पान उलथंपालथं करायला सांगतोय, हिल्डी टाइप करतेय, आणि ब्रूस बिचारा मध्ये तिला हाका मारतोय. ठरवलं होतं की ब्रूसच्या ओळी पडद्याच्या वरच्या कडेला टाकायच्या. करून पाहिलं, नजर वरखाली धावते आणि हिल्डी सुटते. ब्रूसला पूर्ण गाळणंही अन्याय आहे, कारण त्याचं कोणी ऐकत नाही हाच तर प्रसंग आहे.

हे लिहिता लिहिताच एक सुचतंय. चित्र १.३७ गुणोत्तराचं आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर दोन्ही बाजूंना साधारण २२० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या रिकाम्या राहतात. ब्रूसच्या हाका तिथे टाकल्या तर? ४० पिक्सेलच्या फाँटमध्ये ओळीत सहा-सात अक्षरांपलीकडे मावणार नाही, पण ‘हिल्डी!’ आणि ‘ऐक ना!’ एवढं पुरेसं आहे. तो चौकटीबाहेरून बोलतोय हे अर्थालाही धरून होईल. पट्ट्या व्हिडिओतच भरलेल्या असतील तर एएसएसमध्ये जागा देऊन होईल. नसतील तर प्लेयरला चित्राबाहेरची जागा वापरू द्यावी लागेल, एमपीव्ही या प्लेयरमध्ये तशी सोय आहे. वरच्या कडेचा बेत आता रद्द, आधी हे करून पाहायचं.

पुढचा चित्रपटही बदलतोय. ‘माय मॅन गॉडफ्री’ ठरला होता, पण वाढत्या क्यूची खरी परीक्षा ‘शराड’मध्ये होईल. १९६३ चा, स्टॅन्ली डोननचा, ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न. रहस्य आणि नोकझोक एकाच वाक्यात येतात, आणि स्वामित्वाची सूचना छापायची राहिल्याने तोही अमेरिकेत पहिल्या दिवसापासून मुक्त आहे. ‘द थिन मॅन’ला मात्र २०३० उजाडेपर्यंत थांबावं लागेल. ‘शराड’मध्ये ग्रँटचं पात्र नावं बदलत राहतं, म्हणून कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या आवृत्तीत बोलणाऱ्याचं नाव लिहिताना त्या क्षणी हेपबर्नच्या पात्राला जे ठाऊक आहे तेवढंच नाव लिहायचं. ती यादी प्रसंगवार आधी करून ठेवणार, मग पहिला क्यू.