हलव्याला काटा फुटेपर्यंत

मावशीने केलेले हलव्याचे दागिने लहानपणापासून बघत आले. प्रत्येक वेळी वाटायचं, हिला ही नक्षी सुचते तरी कशी? यंदा भाचीची पहिली संक्रांत होती आणि मावशीला आता बारीक काम दिसत नाही. म्हणून संच मी करायला घेतला.

आधी वहीत चित्रं काढली. चिंचपेटी, तन्मणी, बाजूबंद, रुंद कंबरपट्टा. मावशी म्हणाली, "वही राहू दे. आधी दाणा होऊ दे, मग बघू."

दाण्यातच पाच दिवस गेले. खसखस, साबुदाणा आणि मगजबी (खरबुजाच्या सोललेल्या बिया), तिन्ही वेगवेगळे. परातीखाली अगदी मंद आच. दूध घालून मळी काढलेला एकतारी पाक चमचाभर घालायचा, बोटांनी हलवत राहायचं, कोरडं झालं की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी आच मोठी राहिली. साखर पिवळट पडली, दाण्यांचे गोळे झाले. सगळा घाणा काढून पुन्हा सुरुवात केली. मग दोन दिवस आभाळ आलं. हवा दमट, दाणा गुळगुळीतच. मला रडू यायचं बाकी होतं. चौथ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी पडली आणि बोटांना पहिल्यांदा काही टोचलं. काटा!

तो काटा नुसता शोभेचा नसतो, हे ओवायला बसल्यावर कळलं. दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. दोऱ्याचा फास टाकून एकेक दाणा गाठीत धरायचा. गुळगुळीत दाणा फासातून निसटतो, काटेरी दाणा दोरा धरून ठेवतो.

चाळणीने दाणे निवडले तेव्हा वहीतली चित्रं मागे पडली. खसखशीचे बारीक दाणे नथ आणि बुगडीलाच शोभत होते. साबुदाण्याचे पाच दाणे एका गाठीत आले की जाईचं फूल दिसायचं, म्हणून चिंचपेटीऐवजी फुलांचा हार झाला. मगजबीचे लांबट दाणे बाजूबंदाच्या पाकळ्यांना लागले. मोठे दाणे उरलेच नाहीत, कंबरपट्टा सोडून दिला.

सणाच्या दिवशी काळ्या चंद्रकळेवर सगळं पांढरंशुभ्र उठून दिसत होतं. घाईत नथीचा एक दाणा सुटला. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात मावशीने नथ हातात घेतली, अंगठ्याने काटा चाचपला आणि न बघता गाठ मारून दिली.