तुम्ही विचारलंत म्हणून: लोगनच्या मीटरवरचे दिवे

जुनी लोगन किंवा व्हेरिटो घ्यायला निघालेली माणसं मला हमखास विचारतात, "काका, मीटरवर दिवा लागला तर गाडी चालवत न्यायची की जागेवर उभी करायची?" नाशकात हा प्रश्न येणारच, कारण गाडी इथलीच. मूळची रुमानियातल्या डाचियाची, 2004 सालची. महिंद्रा आणि रेनॉ यांनी मिळून 2007 मध्ये ती नाशिकच्या कारखान्यात बनवायला घेतली. 2010 मध्ये भागीदारी सुटली, पुढच्या वर्षी तिचं नाव व्हेरिटो झालं, आणि आता तीही बंद आहे. मूळ आखणी इतकी काटकसरीची की एकच आरसा डावीकडेही बसावा आणि उजवीकडेही. डिकी मात्र 510 लिटरची. मला ही गाडी मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिवळा दिवा म्हणजे गॅरेजला दाखवा. लाल म्हणजे थांबा. त्यातही तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा सगळ्यात वाईट. तो इंजिनात तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब गेला असं सांगतो. दाब गेला की बेअरिंगवर धातू धातूला घासतो, आणि डिझेलमध्ये टर्बोलाही तेच तेल लागतं. "गरवारे पॉइंटपर्यंत जाऊ, पुढे बघू" असं करू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, काही मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून बघा. तेल पुरेसं दिसलं तरी पुन्हा स्टार्ट मारू नका, टो करून न्या.

ब्रेकचा लाल दिवा बऱ्याचदा हँडब्रेक राहिल्याचा असतो. पण कसारा घाट उतरताना वळणावर तो क्षणभर लुकलुकला, तर टाकीत ब्रेक ऑइल कमी झालंय. ब्रेक दाबल्यावर चाकाच्या डिस्कला घासणारे पॅड झिजले की ऑइलची पातळी आपोआप खाली जाते. नुसतं ऑइल भरलं तर दिवा विझतो, झिजलेले पॅड मात्र तसेच राहतात. आधी पॅड बघून घ्या. आणि ब्रेकचं पेडल खोल जात असेल तर गाडी हलवूच नका.

बॅटरीचा दिवा चालत्या गाडीत लागला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी चार्ज करत नाही. बॅटरीत आहे तेवढ्यावरच गाडी चालते.

स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा पिवळा दिवा डिझेलमधल्या हीटर प्लगचा, म्हणजे स्टार्टच्या आधी इंजिनात आतून ऊब देणाऱ्या प्लगचा. निफाडच्या थंडीत पहाटे किल्ली फिरवली की तो विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्ट मारा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ऑनवर आणा. तेल, बॅटरी, इंजिन चेक हे दिवे लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. एखादा मुळात लागतच नसेल, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. विकणाऱ्याला तिथेच विचारा, भीड ठेवू नका.

एका गोष्टीला मात्र दिवाच नाही. डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, न सांगता तुटतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट कधी बदलला, त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदलायचाच आहे असं धरा आणि तेवढा खर्च किमतीतून कमी करून बोला.