रोमच्या जमिनीखाली: पहिल्या मंडळीचे पाळक नेमकं काय करायचे

सान कॅलिस्टोचा कॅटाकोम्ब, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांची जमिनीखालची दफनभूमी, बुधवारी बंद असतो हे आधीच सांगून ठेवते, कारण रोमपर्यंत जाऊन नेमका हाच बघायचा राहिला तर फार वाईट वाटेल. शहराच्या दक्षिणेला जुन्या अॅपिया रस्त्यावर आहे, ११८ नंबरची बस जाते, आम्ही थोडं आधीच उतरलो आणि सरूच्या झाडांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने चालत गेलो. दोन्ही बाजूला शेतं, रोममध्ये आहोत असं वाटतच नाही. रोमन कायद्याप्रमाणे शहराच्या आत कुणाला पुरता यायचं नाही, म्हणून सगळ्या दफनभूम्या अशा वेशीबाहेर, रस्त्यांच्या कडेला.

माझ्याबरोबर मावशी होती. नगरकडच्या आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) ती कितीतरी वर्षं खजिनदार होती, म्हणजे रविवारचं दान मोजायचं, विधवांना महिन्याचे पैसे पोचवायचे, कुणी वारलं आणि घरी काहीच नसेल तर पेटीची सोय करायची. मला खरं तर जायचं होतं ते पहिल्या तीनशे वर्षांतले बिशप (शहराच्या मंडळीचा मुख्य), वडील (मंडळीतले ज्येष्ठ पुढारी), डीकन (सेवेची कामं बघणारे) ही माणसं रोजच्या जगण्यात नेमकं काय करायची ते समजून घ्यायला, पवित्र शास्त्रात त्यांची नावं येतात पण दिवसभराचं काम कळत नाही ना. आणि बघायला मावशी बरोबर असल्याचा फायदा असा झाला की ती सगळं हिशेबाच्या बाजूने विचारायची, आणि उत्तरंही नेमकी तिकडेच सापडत गेली.

आत एकट्याने फिरता येत नाही, गाईडबरोबरच जायचं, फोटो काढायचे नाहीत. जिने उतरलं की गारवा लागतो, बाहेर कितीही ऊन असो खाली पंधरा-सोळा डिग्री, त्यामुळे अंगावर काहीतरी घ्याच. एकूण गॅलऱ्यांची, म्हणजे भुयारी वाटांची, लांबी २० किलोमीटरच्या आसपास सांगतात, चार मजले खाली खाली गेलेले, आपल्याला त्यातला अगदी छोटा तुकडा दाखवतात. दगड ज्वालामुखीचा, खोदायला मऊ आणि हवा लागली की टणक होणारा. भिंतीत एकावर एक आडवे कप्पे, एकेका कप्प्यात एक-दोन माणसं, कित्येक कप्पे इतके छोटे की ते लेकरांचे आहेत हे सांगावं लागत नाही. तिथे मावशी बराच वेळ थांबली, पुढे गेलेल्या ग्रुपला गाठायला आम्हाला पळावं लागलं.

आता हे ध्यानात घ्या की ही जागा मंडळीच्या ताब्यात होती आणि तिचा कारभार बघायला एक डीकन नेमला होता. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास बिशप झेफिरिनसने कॅलिस्टसला हे काम दिलं, त्याच्यावरूनच कॅटाकोम्बचं नाव. ज्याच्याकडे जागा घ्यायला पैसे नाहीत त्यालाही इथे मानाने पुरता यावं ही जबाबदारी मंडळीची, आणि ती पार पाडायची कुणी, तर पुढाऱ्यांनी. खोदकाम करणारी माणसंही मंडळीचीच, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तर उत्तर आफ्रिकेतल्या एका यादीत ती वडील-डीकनांच्या मागोमाग धर्मसेवकांतच मोजलेली आहेत.

मग येते पोपांची खोली, पोप म्हणजे रोमचा बिशपच. मोठी काही नाही, दोन्ही बाजूच्या भिंतींत कप्पे, तिसऱ्या शतकातल्या नऊ बिशपांना इथे ठेवलं होतं. १८५४ साली जोव्हान्नी बत्तिस्ता दे रोस्सी नावाच्या संशोधकाला ही खोली सापडली, त्याच्या काही वर्षं आधी वरच्या द्राक्षमळ्यात त्याला संगमरवराचा एक फुटका तुकडा मिळाला होता, कर्नेलियस या नावाचा शेवटचा भाग आणि पुढे ‘मार्टिर’, म्हणजे हुतात्मा. त्या तुकड्यावरून त्याने ताडलं की खाली काय असणार आणि पोप नववे पायस यांना तो मळा विकत घ्यायला लावला. खोलीतल्या पाट्या बघितल्या की पहिलं जाणवतं ते म्हणजे किती साध्या आहेत. पाँटियन, अँतेरस, फाबियन, लुसियस, युटिकियन, ग्रीक अक्षरांत नुसती नावं आणि पुढे बिशप, तेही शॉर्टमध्ये. रोममध्ये असूनही मंडळीचा कारभार तेव्हा मुख्यतः ग्रीकमध्ये चालायचा, कारण माणसं बरीचशी पूर्वेकडून आलेली, व्यापारी, गुलाम, मुक्त झालेले गुलाम.

फाबियनच्या पाटीपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. तो २३६ साली बिशप झाला, चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की निवडीच्या वेळी हा गावाकडून आलेला, कुणाच्या ध्यानीमनी नसलेला माणूस, त्याच्या डोक्यावर कबुतर येऊन बसलं आणि सगळी मंडळी ‘हाच योग्य’ म्हणून ओरडली. गोष्ट छानच आहे पण मला त्याचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, त्याने रोमचे सात भाग पाडून ते सात डीकनांकडे वाटून दिले असं जुन्या नोंदीत आहे. पुढे जानेवारी २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळात तो मारला गेला आणि त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ रोमला बिशपच नव्हता, कारण निवडला की पकडला जाणार हे उघड होतं. त्या काळात वडील आणि डीकन यांनी मिळून मंडळी चालवली. त्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या मंडळीला पाठवलेलं पत्र आजही आहे आणि त्यात लिहिलंय काय, तर विधवांकडे बघा, आजारी आहेत त्यांच्याकडे बघा, तुरुंगात आहेत त्यांच्याकडे बघा, जे भीतीने डगमगले त्यांना सोडून देऊ नका, आणि हुतात्म्यांचे देह पुरायचं राहू देऊ नका. डोक्यावर तलवार लटकत असताना ही कामांची यादी! हे वाचून मला वाटलं की बिशप नव्हता तरी मंडळी मोडली नाही, कारण पाळकपण एका माणसात साठवलेलंच नव्हतं.

२५१ मध्ये शेवटी कर्नेलियस बिशप झाला, त्याने अंत्युखियाच्या बिशपाला लिहिलेल्या पत्रात रोमच्या मंडळीचे आकडे दिलेत आणि मावशीला मी ते आदल्या रात्री वाचून दाखवले होते. ४६ वडील, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ मदतनीस, भूतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि दीड हजारावर विधवा आणि गरजू, ज्यांचं सगळं मंडळी बघते. मावशी म्हणाली, ‘‘अगं, म्हणजे दीड हजार ताटं रोजची, आणि हे छळ चालू असताना, सोपं आहे का?’’ नाहीच सोपं. त्याच्या शंभर वर्षं आधी, साधारण १५५ साली, जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममध्येच लिहून ठेवलंय की रविवारी भक्तीनंतर ज्याला जमेल तो दान देतो, ते पुढाऱ्याकडे जमा होतं आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांना मदत करतो. म्हणजे उपदेश आणि प्रभुभोजन चालवणारा आणि पैशाची जबाबदारी असलेला माणूस एकच. मला वाटतं आपण हे दोन्ही फार लांब नेऊन ठेवलंय, अध्यात्म एकीकडे आणि हिशेब एकीकडे.

पण म्हणून सगळे संत होते आणि गुण्यागोविंदाने राहत होते असं अजिबात नाही. कॅलिस्टस स्वतः पूर्वीचा गुलाम, मालकाने पेढी चालवायला दिली होती, त्यात विधवांच्या आणि मंडळीतल्या लोकांच्या ठेवी बुडाल्या, हा पळाला, पकडला गेला, पुढे सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरी. हे सगळं आपल्याला कळतं ते हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या लिखाणातून, आणि लिहिणारा त्याचा कट्टर विरोधक, त्यामुळे तिखटमीठ किती ते तुम्हीच ठरवा. कॅलिस्टस २१७ च्या सुमारास बिशप झाला आणि त्याने गंभीर पाप केलेल्यांनाही पश्चात्तापानंतर परत घ्यायचं ठरवलं, मोठ्या घरच्या बायकांनी गुलामाशी लग्न केलं तर मंडळी ते मानेल असं म्हटलं, हिप्पोलिटसला हा निव्वळ ढिलेपणा वाटला. मावशी हिप्पोलिटसच्या बाजूची, तिचं म्हणणं की ठेवी बुडवलेल्या माणसाला परत कारभार द्यायचाच कशाला. मी कॅलिस्टसच्या बाजूची आहे आणि ठामपणे आहे, खाणीत राहून आलेला माणूसच सांगू शकतो की परत येण्याचं दार बंद करू नका. बसस्टॉपवर आमचा यावरून चांगलाच वाद झाला. गंमत म्हणजे ज्या कॅटाकोम्बला त्याचं नाव तिथे तो स्वतः नाही, त्याला ऑरेलिया रस्त्यावर पुरलं होतं. आणि तो हिप्पोलिटस? २३५ साली त्याला आणि बिशप पाँटियनला एकत्रच सार्डिनियाला धाडलं, दोघंही तिथेच वारले, दोघांचेही देह रोमला परत आणले आणि एकाच दिवशी, १३ ऑगस्टला, पुरले.

दुसऱ्या दिवशी सान क्लेमेंते केलं, कोलोसियमपासून चालत दहा मिनिटं. वर बाराव्या शतकातलं चर्च, खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि मिथ्र देवाचं ठाणं, आणि सगळ्यात खाली वाहत्या पाण्याचा आवाज. रोमचा जुना बिशप क्लेमेंत, ज्याच्या नावाने हे आहे, त्याच्या नावावरचं, साधारण ९६ सालचं पत्र म्हणजे ग्रीसमधल्या करिंथच्या तरुणांनी मंडळीच्या वडिलांना पदावरून काढलं म्हणून रोमच्या मंडळीने केलेली कानउघाडणी, म्हणजे पाळक आणि मंडळी यांची भांडणं पहिल्या शतकापासूनची. आणि पुढाऱ्यांत बायाही होत्या हे विसरू नका, पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १६व्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी पहिल्यांदा येते, आणि मागोमाग घरात मंडळी भरवणारी प्रिस्किल्ला.

आता मला अवघड गेलेली गोष्ट. पोपांच्या खोलीत समोरच संगमरवरावर मोठ्या सुंदर लॅटिन अक्षरांत एक कविता आहे, तुकडे जोडून पुन्हा बसवलेली, ती बिशप दामासस याने लावली. हा चौथ्या शतकातला, छळ संपून पन्नासएक वर्षं झालेली, बिशपपदाला आता मान होता, श्रीमंतांच्या देणग्या होत्या. ३६६ साली त्याच्या आणि उर्सिनसच्या समर्थकांत याच पदावरून मारामाऱ्या झाल्या आणि अम्मियानस हा ख्रिस्ती नसलेला इतिहासकार लिहितो की एका दिवसात एका चर्चमध्ये १३७ प्रेतं सापडली. जिथे पूर्वी निवडून आला की मरणार म्हणून वर्षभर कुणी निवडला गेला नाही तिथे आता निवडून येण्यासाठी माणसं मारली. मला हे वाचून खरंच त्रास झाला.

पण याच दामाससने हुतात्म्यांच्या विसरलेल्या कबरी शोधून काढल्या, वाटा नीट केल्या, पाट्या लावल्या, त्या नसत्या तर दे रोस्सीला काम फार अवघड गेलं असतं. २५८ च्या ६ ऑगस्टला दफनभूमीतच पकडून डीकनांसकट मारलेल्या बिशप सिक्स्टसचे साथीदार आणि बाकीचे इथे आहेत असं त्या कवितेत आहे, आणि शेवटी तो म्हणतो की मलाही इथेच पुरावं अशी इच्छा होती, पण पवित्र माणसांच्या राखेला धक्का लावायची भीती वाटली. त्याची कबर त्याने दुसरीकडे, आर्देआतिना रस्त्यावर केली. एवढी ताकद हातात असताना त्याला त्या खोलीत जागा करून घेणं काही कठीण नव्हतं, तरी घेतली नाही, आणि त्या दोन ओळी मला तरी मनापासून लिहिल्यासारख्या वाटतात. गाईड त्या घाईत सोडून देतात, तुम्ही गेलात तर मुद्दाम थांबवून वाचून घ्या.