तुम्ही थांबू नका

दांडिया बाजारातून येताना आज स्कूटर आपसूक त्या गल्लीत वळली. वर बँडची प्रॅक्टिस चालू होती. आमचं दुसरं गाणं. (त्यांचं म्हणायला हवं का आता?) कडवं संपतं तिथे मी ड्रम्सवर, स्नेअरवरून टॉमवर धडधडत उतरायचो. हा नवा मुलगा तिथे गप्प राहिला. एक मात्रा रिकामी सोडली आणि मग समेवर आला. फार सुंदर वाटलं. इतकी वर्षं वाजवून मला ती जागा मोकळी सोडावी असं एकदाही सुचलं नव्हतं.

घरी जेवण गेलं नाही. आई म्हणाली, बाहेर शेव-उसळ खाऊन आलास ना? हो म्हटलं.

नवरात्रात सगळं बडोदं गरब्याला पळायचं तेव्हा आम्ही चौघं त्या खोलीत घामाघूम व्हायचो. ते जाऊ दे.

"तुम्ही थांबू नका" असं मीच म्हणालो होतो. दवाखान्यातून आल्यावर, मनापासून. मग आज इतकं का लागलं? ते थांबले असते तर बरं वाटलं असतं का मला? हो, थोडं वाटलं असतं. लिहितानाही लाज वाटते.

मघापासून बिल बेरी डोक्यात आहे. 1 मार्च 1995, स्वित्झर्लंडमधलं लोझान. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम ऐन रंगात असताना ड्रमवर बसलेल्या या माणसाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. त्यातून उठून तो पुन्हा वाजवायला लागला आणि 1997मध्ये स्वतःहून बाहेर पडला. जॉर्जियात शेती करायला गेला. जाताना म्हणाला, माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही. उरलेले तिघं पुढे 14 वर्षं वाजवत राहिले. मला यात नेहमी त्याचं मोठेपण दिसायचं. त्या 14 वर्षांत दुसऱ्याचा ठेका कानावर पडला की शेतात त्याला काय होत असेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

'एव्हरीबडी हर्ट्स' हे त्यांचं गाणं मुळात त्याने रचलेलं, आणि त्यात बराचसा ठेका आहे ड्रम मशीनचा. ड्रमरचंच गाणं! बराच वेळ गाण्याला त्याचे हात नको होते, तर त्याने ते बाजूला ठेवले. खाली नावं मात्र चौघांची, नेहमीसारखी. हे आठवलं आणि त्या रिकाम्या मात्रेचा राग गेला. राग होता, हेही तेव्हाच कळलं.

दीड वाजता त्या मुलाचा मेसेज. "दादा, शेवटच्या कडव्याआधी तुम्ही सात मोजायचात की आठ? रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही."

सात, असं लिहिलं. मग परत लिहिलं, उद्या सहाला घरी ये, दाखवतो.

पलंगाखालून स्नेअर काढलाय. आजीच्या नऊवारीत गुंडाळलेला होता. पडदा ढिला पडलाय. आवळायची चावी कुठे ठेवली ते आठवत नाही, सकाळी आईला विचारायला हवं.