दहा लिटरला चार मिनिटं दहा सेकंद

१ मेच्या ग्रामसभेसाठी केलेली फिल्म सहा मिनिटांची होती आणि त्यातली चार मिनिटं दहा सेकंद नळाखाली नुसत्या बादल्या भरताना दिसत होत्या. मध्ये कट नाही, संगीत नाही, कोणी बोलत नाही. घाटमाथ्यावरच्या एका पाड्यातल्या चार बाया आणि दोन कॉलेजातली पोरं यांनी ती मोबाइलवर घेतली होती. शिकवणं आणि तांत्रिक बाजू सांभाळणं एवढंच आमच्याकडे होतं. पहिल्यांदा बघताना आमच्यातल्याच एकाने ‘हा शॉट वीस सेकंदांवर आणू या, लोक कंटाळतील’ असं सुचवलं. बायांनी ऐकलं नाही. ते बरंच झालं.

पाड्यावर पावसाळ्यात छपरं गळतात आणि एप्रिल लागला की विहिरी तळ दाखवतात. नळ मात्र घरोघरी आला होता. ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं माप दर माणशी रोज ५५ लिटर असं आहे. कागदावर नळजोडणी झाली की घर ‘झालं’ म्हणून मोजलं जातं; नळातून किती पाणी येतं हे मोजायला कोणी येत नाही. म्हणून डोक्यावर तीन हंडे, मागे मावळता सूर्य, असला शॉट घ्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. तसले शॉट अधिकाऱ्यांनी आमच्यापेक्षा जास्त पाहिलेत. ते बघून हळहळतात आणि पुढचा विषय घेतात. मोजून दाखवलेल्या आकड्याचं उत्तर द्यावं लागतं.

मोजण्याची पद्धत साधी, पण तिच्यात फसायला जागा पुष्कळ. बाजारात ‘दहा लिटर’ म्हणून मिळणाऱ्या बादलीत काठोकाठ किती मावतं त्याचा भरवसा नसतो. म्हणून एक लिटरची बाटली दहा वेळा ओतून पाणी जिथे पोचलं तिथे आतून लाल नेलपॉलिशची रेघ मारली. दोन बादल्यांना अशा रेघा केल्या आणि नंतर एकीतलं पाणी दुसरीत ओतून ताडून पाहिलं. आकडे दाखवणारं डिजिटल घड्याळ बादलीच्या मागे विटेवर ठेवलं, म्हणजे वेळ चित्रातच येते. नंतर वर चिकटवलेल्या वेळेवर कोणीही शंका घेऊ शकतो. मोबाइल स्टँडवर, आडवा, १०८० रिझोल्यूशन, सेकंदाला ३० फ्रेम. फोकस आणि उजेड दोन्ही बोट दाबून लॉक केले, नाहीतर पाणी हललं की कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि रेघ धूसर होते. फोन एअरप्लेन मोडवर. पहिल्या दिवशी ते विसरलो आणि तिसऱ्या मिनिटाला आलेल्या फोनने रेकॉर्डिंग थांबलं. पाणी तीन दिवसांतून एकदा, तेही ४० मिनिटं. म्हणजे त्या एका फोनपायी तीन दिवस गेले.

एकूण १४ घरं मोजली, टाकीपासून पाड्याच्या वरच्या टोकापर्यंत. टाकीखालच्या पहिल्या घरात दहा लिटरला ५५ सेकंद लागले. पाणी पोचणाऱ्यांपैकी सगळ्यात वरच्या घरात २५० सेकंद. त्याहून वरच्या दोन घरांत नळ उघडला की नुसता फसफस आवाज, हवा. वरच्या घराचा हिशोब असा: मिनिटाला २.४ लिटर, ४० मिनिटांत ९६ लिटर, तीन दिवसांना आणि पाच माणसांना वाटले की माणशी ६.४ लिटर. खालच्या, म्हणजे सगळ्यात सुखी घराचा हिशोबही माणशी २९ लिटरवरच थांबतो. खालच्यांना हे तोवर माहीत नव्हतं. आपल्याला भरपूर येतं आणि वरचे उगाच ओरडतात, असाच त्यांचा समज होता.

पाणी आलं की दोन्ही टोकांना एकाच वेळी दोन फोन सुरू करायचे होते. घरं लांब, एकीकडची टाळी दुसरीकडे पोचेना. मग देवळातली घंटा वाजवली. ती दोन्ही फोनमध्ये उमटली आणि एडिटिंगमध्ये ध्वनीच्या आलेखावरचा तोच टोक जुळवला. संगणकावर आणल्यावर चौथ्या मिनिटाला चित्र आणि आवाज पुन्हा सुटले. कारण मोबाइल ठरावीक वेगाने फ्रेम घेत नाही, उजेडाप्रमाणे २७-२८-३० असं खालीवर करतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘स्थिर फ्रेमदर’ निवडून दोन्ही फायलींची नवी प्रत काढली, तेव्हा ते सुटणं थांबलं. पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे वरच्या घरची एक बादली भरते तोवर उजवीकडे चार भरून बाजूला ठेवल्या जातात आणि पाचवी अर्धी होते. यात निवेदन कशाला हवं?

सबटायटलवर अख्खी दुपार गेली. बाया त्यांच्या बोलीत बोलल्या होत्या, पंचायतीत प्रमाण मराठी लागतं. मोबाइलवरच्या मोफत अ‍ॅपने जोडाक्षरं फोडली, रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवला. मुक्ता हा फाँट घालून संगणकावर केलं तेव्हा नीट झालं. अक्षराची उंची साठ पिक्सेलच्या खाली नाही आणि एका वेळी दोन ओळींहून जास्त नाही, एवढं पाळलं तर शाळेच्या हॉलच्या मागच्या रांगेतून वाचता येतं.

आमची खरी चूक आदल्या रात्री झाली. सबटायटल तपासायला कच्ची फिल्म एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ती पुढे गेली, आणि सकाळी तालुक्याच्या गावातून परत आली तेव्हा वर भलताच राजकीय मजकूर होता. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी ज्यांनी पुढे पाठवली त्यांच्या प्रती तशाच राहतात. फिल्ममधल्या एका मावशींनी ग्रामसभेत दाखवायला होकार दिला होता, गावाबाहेर नाही. परवानगी घेताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: गावात दाखवू का, गावाबाहेर दाखवू का, इंटरनेटवर टाकू का. ते आम्ही विचारले होते, लिहूनही ठेवले होते, आणि मोडले आम्हीच. सहा वाजता मावशींच्या दारात जाऊन सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “तोंड काढा, बोलणं ठेवा.” चेहरा धूसर करून भागत नाही, गावात चालण्यावरून, लुगड्यावरूनही माणूस ओळखतात. त्यांच्या आवाजावर भाकरी थापणाऱ्या हातांचा शॉट लावला, तोही दुसऱ्या घरातला.

मूळ फायलींना मात्र हात लावला नव्हता. बादलीचा शॉट साडेपाचशे एमबीच्या आसपास होता. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पिळून लहान होतो आणि कधी, कुठे घेतला ही आतली माहिती गळते. निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आम्ही केबलनेच काढतो. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढून कागदावर लिहिला आणि खाली बायांपैकी दोघींच्या सह्या घेतल्या. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची सोय आधीपासूनच असते. चौसष्ट अक्षरांची ती ओळ. फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी पूर्ण बदलते. हे सगळं कशासाठी, असं पोरं विचारत होती. जालन्याच्या २०१४च्या निवडणुकीवरचा खटला व्हिडिओंवरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२०मध्ये न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मधल्या प्रमाणपत्रात तर हॅशचा रकानाच आहे. पाण्याचा वाद कोर्टात जाईलच असं नाही, पण मूळ फाइल एकदा गेली की गेली.

ग्रामसभा साडेनऊला. आम्ही प्रोजेक्टर लावला तो तसाही बिनकामाचा ठरला असता. मे महिन्याचं ऊन, हॉलला पडदे नाहीत. ३,००० ल्युमेनचा उजेड भिंतीवर चुन्यासारखा दिसत होता. दहा चाळीसला वीजच गेली. इन्व्हर्टरवर माइक चालेना, प्रोजेक्टर तर नाहीच.

बदललेली फिल्म सकाळीच बारा मोबाइलमध्ये भरून ठेवली होती, ती खबरदारी म्हणून. आता पाच-सहा जणांचे घोळके करून बसलो. भिंतीवर दाखवताना लोक एकदा बघतात आणि मान खाली घालतात. हातात फोन आल्यावर पुन्हा मागे नेऊन बघू लागले. कोणीतरी मोठ्याने मोजायला लागलं, “एक झाली… दोन…” आणि खालच्या आळीतली माणसं गप्प झाली. ग्रामसेवकांच्या हातात फोन देणाऱ्या ताई तिथून हलल्याच नाहीत.

“कधीचा आहे हा व्हिडिओ?” ग्रामसेवकांनी विचारलं.

“भाऊसाहेब, घड्याळ हाय ना त्यात. आन् घेतलेला फोन हा.” ताईंनी कमरेच्या पिशवीतून दुसरा फोन काढला.

पाणीपुरवठ्याचे अभियंते आले होते. त्यांना १४ घरांचा तक्ता ए-थ्री कागदावर छापून दिला: घराचा क्रम, उंचसखलपणा, सेकंद, माणशी लिटर. ते तक्त्याकडे बघून स्वतःच म्हणाले, की आळीवार व्हॉल्व्ह नाहीत म्हणून खालचे नळ आधी ओढून घेतात. फिल्म त्यांच्यावर ओरडत नव्हती, म्हणून हे त्यांना सगळ्यांसमोर म्हणता आलं, असं आम्हाला वाटतं. गोव्यातून काम करणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटियर्स या संस्थेच्या वार्ताहरांच्या फिल्म शेवटी प्रेक्षकाला एक नेमकं काम सांगतात. तीच रीत इथे वापरली होती. शेवटच्या पाटीवर मागणी एकच: ‘दोन व्हॉल्व्ह बसवा, वरच्या आळीला आधी पाणी सोडा.’ ‘पाणीप्रश्न सोडवा’ लिहिलं असतं तर ठरावात काय उतरवायचं?

ठरावाचे शब्द आम्ही तिथेच वाचून घेतले. पहिल्या मसुद्यात ‘योग्य ती कार्यवाही’ होतं. ते खोडून ‘१५ जूनपूर्वी दोन व्हॉल्व्ह’ झालं. दुसऱ्या दिवशी योजनेच्या मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं हिच्यात लिहितात) प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, हे विसरून लिहिलेला आमचा पहिला कागद सव्वादोनशे शब्दांचा निघाला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात व्हॉल्व्ह बसले. वरच्या घरी तीच बादली, तेच घड्याळ, तोच कोन ठेवून पुन्हा शॉट घेतला: दहा लिटरला ११० सेकंद. माणशी साडेचौदा लिटर. ५५ अजून लांब आहे, आणि आता अडचण पंपाच्या विजेची आहे, ती बादलीने मोजता येत नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी वीज किती तास येते त्याची वही घालायला बायांनी सुरुवात केली आहे. बादलीतली लाल रेघ तेवढी पुन्हा मारायला हवी, नेलपॉलिश निघालंय.