पाय सेलेस्चियाव: प्रोव्होमध्ये पोर्तुगीज शिकतानाचे सहा आठवडे (माझा अनुभव)

आमच्या घरात मिशनवर (चर्चतर्फे धर्मप्रचाराला) जाणं म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं त्यामुळे सुरुवातीपासून सांगतो. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. बाबांच्या नोकरीमुळे २०११ मध्ये अमेरिकेत युटाला आलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, सहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलो. इथे वर्गातली बरीचशी पोरं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची (मॉर्मन हा शब्द आता चर्चला चालत नाही, त्याची गंमत पुढे येईल), त्यांच्याबरोबर बास्केटबॉल खेळत, त्यांच्या घरी जेवत, त्यांच्याबरोबर रविवारी चर्चला जात जात मी सतराव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. अठराच्या आतला असल्यामुळे आईबाबांची परवानगी लागली. बाबांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि मग सही केली. आईचा प्रश्न वेगळाच होता, "चहा पण नाही?" चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद. दारू-तंबाखूचं तिला बरंच वाटलं पण चहाचं दुःख तिला आजही आहे.

बाप्तिस्म्यानंतर निदान एक वर्ष थांबावं लागतं, मग मिशनचा अर्ज. त्यात मुलाखती दोन, डॉक्टरचा फॉर्म, डेंटिस्टचा फॉर्म. माझ्या अक्कलदाढा काढायला लावल्या. अक्कलदाढ काढून मग मिशनवर पाठवतात हे ऐकून बाबा पहिल्यांदाच या विषयावर मोकळेपणाने हसले. मुलांना दोन वर्षं, मुलींना दीड. देश आपण निवडायचा नाही, ते कळवतात. आणि खर्च आपला, तेव्हा महिन्याला ४०० डॉलर होता. बाबा म्हणाले, "म्हणजे काम पण तूच करणार आणि पैसे पण तूच देणार?" मी म्हटलं हो. "पगार?" मी म्हटलं नाही. पुढे वर्गात कळलं की पगार हा शब्दच पोर्तुगीजमधून आलाय आणि तिकडे 'पागार' म्हणजे पैसे देणे! बाबांना पहिल्या मेलमध्ये हेच लिहिलं.

तर कुठे जायचं ते कळवणारा चर्चचा मोठा पांढरा लिफाफा आला. इथे सगळे जमतात, कोणी व्हिडिओ काढतं, मग मोठ्याने वाचायचं. आमच्याकडे आई, बाबा, माझे दोन मित्र आणि वेंगुर्ल्याहून फोनवर आजी. ब्राझील नाताल मिशन. आई म्हणाली, "नाताळ? ख्रिसमसचा नाताळ?" तोच. शहराची स्थापना २५ डिसेंबर १५९९ ची म्हणून नाव नाताल. आजीला फोनवर एवढंच कळलं की नातू धर्माच्या कामाला परदेशात चाललाय, ती म्हणाली, "आता तू पाद्री होतलस काय रे झिला?" मी सांगितलं की नाही, पाद्री नाही, दोन वर्षांनी परत येणार, लग्न पण करता येतं. लग्नाचं ऐकून ती शांत झाली.

१५ ऑगस्ट २०१८, बुधवार, युटातलं प्रोव्हो शहर. मिशनरी ट्रेनिंग सेंटरच्या आवारात गाड्यांची रांग लागते, गाडी थांबली की दोन मिनिटांत मिठी मारायची, बॅगा उतरवायच्या आणि निघायचं, तुम्हाला आत न्यायला एक जुना मिशनरी उभाच असतो. आईने त्या दोन मिनिटांत माझ्या कोटाच्या खिशात मालवणी मसाल्याची पुडी कोंबली. वीस मिनिटांत माझ्या छातीवर काळा बिल्ला होता, एल्डर (मिशनवरच्या मुलांना असंच म्हणतात) आणि पुढे आडनाव, खाली पोर्तुगीजमध्ये चर्चचं नाव. पहिलं नाव तिथेच संपलं, दोन वर्षं मला कोणी नावाने हाक मारली नाही. आणि कंपॅनियन मिळाला. कंपॅनियन म्हणजे जो कायम तुमच्या नजरेसमोर असायलाच पाहिजे तो, जेवताना, अभ्यासाला, अगदी तुम्ही टॉयलेटला गेलात तर तो बाहेर उभा. माझा आयडाहोचा, बटाट्याची शेती असलेल्या घरातला. मी त्याला इथे आयडाहोच म्हणतो.

वर्गात गेलो तर शिक्षक, आमच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा, स्वतः ब्राझीलमध्ये मिशन करून आलेला, दार लावून घेतलं आणि पोर्तुगीज सुरू. इंग्लिश एक शब्द नाही. पहिल्याच दिवशी प्रार्थना म्हणायला शिकवली, फळ्यावर वाक्यं, आम्ही माना खाली घालून मागून म्हणायचं. सुरुवात 'पाय सेलेस्चियाव'. म्हणजे स्वर्गीय पिता. पोर्तुगीजमध्ये वडिलांना 'पाय' म्हणतात! बाकीचे अकरा जण डोळे मिटून गंभीर आणि माझ्या डोळ्यासमोर ढगातून खाली आलेले दोन पाय. हसू दाबून दाबून माझे खांदे हलायला लागले, आयडाहोला वाटलं मी रडतोय, त्याने पाठीवर हात ठेवला, मग तर अजूनच कठीण झालं. एक सांगतो, नंतर त्या शब्दाचं हसू यायचं बंद झालं. लहानपणापासून देवापुढे आपण पायच धरत आलोय ना.

आणि आई म्हणजे 'मांय'. तो आपला माय शब्दच, फक्त नाकातून.

तर नाक. पोर्तुगीजमधली खरी अडचण व्याकरण नाही, नाक आहे. (व्याकरण पण आहे, क्रियापदांची रूपं पाठ करताना जीव जातो, पण मराठीत करतो करते करतात करीन केलं असतं हे सगळं ज्याने शाळेत केलंय त्याला फार धक्का बसत नाही, टेबलाला लिंग असतं यावर आयडाहो दोन दिवस नाराज होता, मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही.) मी फुशारकीत होतो कारण दुसऱ्याच दिवशी पाव हा शब्द आला. मी लगेच हात वर केला, म्हटलं हा मला माहितेय, आमच्या घरी रोज हाच शब्द, आणि खणखणीत आवाजात 'पाव' म्हणालो. शिक्षकाचे कान लाल. त्याने हळूच सांगितलं की नाकातून नाही काढलास तर त्याचा अर्थ लाकडाचा दांडका होतो, आणि ब्राझीलमध्ये दांडका या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे जो तो बिल्ला लावून सांगू शकत नाही. म्हणजे गोव्यातून आपल्याकडे येताना त्या पावाचं नाक गळून पडलं होतं आणि मी तेच गळकं रूप घेऊन परत चाललो होतो.

आयडाहोची फजिती माझ्यापेक्षा मोठी. 'कांसादू' म्हणजे दमलेला, 'काझादू' म्हणजे विवाहित. तिसऱ्या दिवशीच शिकवायला पाठवतात, म्हणजे एक शिक्षक ब्राझीलमधल्या कुठल्यातरी माणसाचं सोंग घेऊन खोलीत बसतो, तुम्ही दार वाजवून आत जायचं आणि वीस मिनिटं त्याच्याशी देवाबद्दल बोलायचं, पोर्तुगीजमध्ये, तिसऱ्या दिवशी! आमच्याकडे वहीत लिहून आणलेली नऊ वाक्यं होती. ती चार मिनिटांत संपली. मग तो माणूस काहीतरी लांबलचक विचारून आमच्याकडे बघत बसला, आम्ही एकमेकांकडे, आणि आयडाहोने धीर करून माझ्याकडे बोट दाखवत सांगितलं की आम्ही दोघं खूप विवाहित आहोत. त्या माणसाने सोंग न सोडता आमचं अभिनंदन केलं.

नाकाचा तोडगा मला सापडला तो आजीमुळे. आम्ही लहानपणी भावंडं आजीच्या बोलण्याची नक्कल करायचो, खंय गेल्लस, थंय बस, हंय ये, सगळं नाकातून. पुण्या-मुंबईच्या मराठीतून हा आवाज गेलाय, कोकणात राहिलाय. एका रात्री दात घासताना आरशासमोर मी आजीचा आवाज काढून बघितला, खंय, थंय, पांव, मांय, नांव. बाहेर उभा असलेला आयडाहो आत डोकावला, म्हणाला हा कोण बोलतोय? दुसऱ्या दिवशी शिक्षकाने विचारलं की रात्रीत काय केलंस. आता त्याला काय सांगू.

मग मी शब्द गोळा करायला लागलो. चावी (तिकडे शावी), बटाटा, काजू, परात, लिलाव, तुरुंग, आणि आजी खिडकीला जनेल म्हणते ते. वर्गात वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या आणि मी बघतोय तर निम्मा वर्ग वेंगुर्ल्याचा. बादली पण पोर्तुगीजच, पण ब्राझीलमध्ये ल चा उ होतो आणि दे चा जी, त्यामुळे बादली होते 'बाऊजी'. आठवड्यातून एकदा साफसफाईचं काम असायचं, तिथे कोणी बाऊजी आणा म्हटलं की मला फेटा बांधलेले आमच्या आत्याचे यजमान आठवायचे. ल चा उ झाल्यामुळे नाताळचं पण 'नाताऊ' झालं, आणि देशाचं 'ब्राझिऊ'.

बाकी दिवस सगळे सारखेच. साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं, मधे वर्ग, कॉम्प्युटरवर शब्द, पुन्हा वर्ग, एक तास जिम, पुन्हा वर्ग. जेवण भरपूर, अळणी, आईस्क्रीम उत्तम. पिझ्झावर मालवणी मसाला घालून खाणारा मी त्या कॅफेटेरियातला बहुतेक पहिला, तिसऱ्या आठवड्यात आयडाहो पण घालायला लागला आणि चौथ्या आठवड्यात पुडी संपली.

मॉर्मन शब्दाची गंमत राहिली. मी आत गेलो १५ ला आणि १६ ऑगस्टला चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी जाहीर केलं की आता टोपणनाव नको, चर्चचं पूर्ण नाव घ्यायचं. आम्हाला पोर्तुगीज येऊन झाले दोन दिवस! 'मोर्मोन' हा एक शब्द सगळ्यांना सोपा होता, त्याच्या जागी 'इग्रेजा दी जेझुस क्रिस्तु दुस सांतुस दुस उल्चिमुस जीयास', म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च. मला निदान इग्रेजा ओळखीचा, आमच्याकडे चर्चला इगर्ज म्हणतात. आयडाहोला हे नाव न अडखळता म्हणायला अकरा दिवस लागले, मी मोजले होते.

घरी फोन करता यायचा नाही. आता दर आठवड्याला करता येतो, तो नियम २०१९ च्या फेब्रुवारीत आला, आमच्या वेळी वर्षातून दोनदाच, ख्रिसमस आणि मदर्स डे. एरवी आठवड्यातून एक दिवस सुट्टीचा, त्या दिवशी कपडे धुवायचे, टेंपलला (चर्चच्या खास मंदिरात) जायचं आणि ईमेल. आमचा शुक्रवार होता. वॉशिंग मशीन फिरत असायची आणि मी आईला मराठीत टाइप करत असायचो. त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरला, गुरुवारी आले. शुक्रवारी मेल उघडला तर फोटो, हॉलमधला गणपती, कोपऱ्यात उकडीचे मोदक, एक कळी फुटलेली. आईने खाली लिहिलं होतं, "या वर्षी आरतीला झांजा कोणीच वाजवल्या नाहीत, बाबांना ताल जमत नाही." बस एवढंच, तू नव्हतास वगैरे काही नाही.

त्या रात्री मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. लोकांना वाटतं धर्म बदलला की मागचं सगळं पुसलं जातं, तसं काही होत नाही, निदान माझं झालं नाही. मला माझ्या निर्णयाचा पश्चात्ताप नव्हता आणि मला ती झांज पण हवी होती. वरच्या बंकवरून आवाज आला, "व्होसे... एस्ता... बेंय?" बरा आहेस ना. आम्ही ठरवलं होतं की खोलीत फक्त पोर्तुगीज बोलायचं, आणि हा पठ्ठ्या रात्री अकरा वाजता पण नियम पाळत होता. मला उत्तर द्यायचं होतं की घरची आठवण येतेय, पण शब्द येईना, म्हणून मी म्हटलं, "एस्तोउ काझादू." मी विवाहित आहे. पलंग हलेपर्यंत हसला तो.

सहा आठवड्यांच्या शेवटी आम्ही वीस मिनिटं बोलू शकत होतो, वही न बघता. चुका करतच, पण समोरच्याने काय विचारलं ते कळून उत्तर देत होतो. आयडाहोचा व्हिसा आला होता, माझा नाही. पासपोर्ट भारतीय, कागद कुठल्यातरी टेबलावर पडून. तो एकटा गेला आणि मला तात्पुरतं टेक्सासला पाठवलं, तिथे पाच आठवडे, तिथे पोर्तुगीज बोलणारं कोणी भेटेना तर मी रात्री आरशाशीच बोलायचो, आजीच्या आवाजात.

नोव्हेंबरमध्ये नातालला पोहोचलो तर प्रोव्होत घोटून घेतलेले ची आणि जी तिथल्या बऱ्याच लोकांच्या तोंडी नाहीतच, सरळ ती आणि दी म्हणतात. बाऊजीची 'बाऊदी' झाली. पहिल्या सकाळी नवीन कंपॅनियनने मला बेकरीत पुढे ढकललं, म्हणाला तू माग. मी पोट आत घेतलं, आजीला आठवलं आणि सहा पाव मागितले. बाई काही हसली नाही, कान लाल झाले नाहीत, कागदी पिशवीत मोजून सहा पाव भरले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बाहेर एका गाडीवर 'काजू' अशी पाटी होती. मला वाटलं काजूगर, मूठभर घेऊ. त्याने हातात दिलं ते लालभडक बोंडू, खाली बी लटकलेली. तिकडे काजू म्हणजे फळ, आपल्या काजूगराला ते 'कास्तान्या' म्हणतात. पहिल्या चाव्याबरोबर रस कोपरापर्यंत, पांढऱ्या शर्टावर डाग, जो दोन वर्षांत निघाला नाही. त्या आठवड्याच्या मेलमध्ये मी आईला लिहिलं की आजीला सांग, इथे बोंडू मिळतात, नोव्हेंबरमध्ये. पुढच्या आठवड्यात आईने आजीचं उत्तर जसंच्या तसं टाइप करून पाठवलं: "तेका सांग, मीठ लावन् खा, नायतर घसो धरतलो."