नऊ खणांचं घर

बार्शी-मोहोळकडच्या गावात शिरलं की शहरातले पाहुणे हमखास म्हणतात, "अय्या, मातीची घरं!" खरं तर ही घरं लाकडाची. माती त्यांनी नुसती पांघरलेली असते.

आमच्याकडं घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तीन उभे, तीन आडवे असे नऊ खण म्हटले की सोळा खांब आले. पोरीसाठी स्थळ बघायला आलेला माणूस चहा संपायच्या आत मान वर करून हिशेब उरकून घेई.

आजोळचे खांब लिंबाचे आणि बाभळीचे. सागवान वाड्यांना, आमच्यासारख्यांना लिंब. तोही कडू, त्यामुळं वाळवी सहसा तोंड लावत नाही. ओल चढू नये म्हणून खांब दगडी उथाळ्यावर उभा. वर तुळया, त्यांवर कड्या, मग किलच्या म्हणजे लाकडाच्या चिपा, पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. शेतातली काळी माती इथं कामाची नाही; ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पांढरी मिळायची गावठाणातल्या पडक्या घरांच्या ढिगातून. म्हणजे पणजोबांच्या शेजाऱ्याची भिंत आमच्या डोक्यावर!

असलं सपाट मातीचं छत, म्हणजे माळवद, 500-600 मिलिमीटर पावसाच्या मुलखातच परवडतं. तरी मृगाआधी वर नवी माती टाकावीच लागे. हयगय केली की घरभर पातेली मांडायची आणि आजीचं ऐकून घ्यायचं. पण पारा 43 वर गेला तरी साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडणाऱ्या उजेडाच्या कवडशाशेजारी दुपारची झोप गाढ लागे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंतींचा धसका बसला. धसका खराच होता. चिखलात रचलेले ते दगड माणसांच्या अंगावर आले. पण कितीतरी घरांत भिंती ढासळूनही खांबांवरचं माळवद जागेवर राहिलं, कारण त्याचा भार भिंतींवर नव्हताच. हे कुणी फारसं सांगितलं नाही. लोकांनी पत्रे टाकले, जमेल त्यानं स्लॅब. दरवर्षी माती वाहायला आता घरात माणसं तरी कुठं आहेत? मात्र पत्र्याखाली मे महिन्यातली एक दुपार काढून दाखवावी.

नक्षीचे सागवानी खांब हॉटेलवाले चांगली किंमत देऊन नेतात. लिंबाला गिऱ्हाईक नाही. मामानं आमचे गोठ्याला लावले. म्हशी खूश आहेत.